कामाचा हात : डावा

"मावशी, हा कार्पल टनेल सिंड्रोम आहे," जालन्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. म्हणजे मनगटातल्या अरुंद वाटेत नस दबते आणि बोटं बधिर होतात. माझ्या डाव्या हातातून गोधडीची सुई सारखी गळायची, त्याचं हे नाव.

मग नर्व्ह कंडक्शन टेस्ट. हाताला विजेचे बारीक झटके देऊन नस किती चालते ते बघतात.

डॉक्टर म्हणाले, "अंगठ्याचा स्नायू वाळायला लागलाय. उशीर केला तर ताकद परत येणार नाही. इथे हाताचे सर्जन नाहीत. चिठ्ठी देतो, सरकारी योजनेतून खाजगी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होईल."

खाजगीत योजनेचं टेबल वेगळं. तिथल्या मुलीने विचारलं, "आजी, कामाचा हात कोणता?"

मी झटकन म्हणाले, "उजवा."

साफ खोटं. मी जन्माची डावखुरी. लग्नानंतर पहिल्याच पंगतीत सासूबाईंनी माझ्या डाव्या हातातली पळी हिसकावली होती. तेव्हापासून ती अठरा वर्षांची अतिशहाणी, म्हणजे मीच, उजव्याने वरण वाढायची. अर्धं ताटात, अर्धं पाहुण्याच्या धोतरावर. गोधडी मात्र दार लावून डाव्याने शिवायची, चोरी करावी तशी.

"दुखणं डाव्याला आणि कामाचा उजवा ना? मग घाई नाही. तीन महिन्यांनी या."

माझी सून मनीषा शेजारीच उभी होती. ती फिस्कन हसली. "आत्याबाई, उजव्यानं कधी बटन तरी लावलं का तुम्ही?"

मी परत टेबलाशी गेले. "पोरी, फॉर्म बदल. खोटं बोलले मी."

"आता एंट्री झाली, आजी."

"मंग दुसरी कर. तवर मी हलत न्हाई."

तिचाच पेन डाव्या हातात घेतला. तीनदा पडला. चौथ्यांदा नाव लिहिलं, वाकडंतिकडं. तेवढ्यात सर्जन बाहेर आले. म्हणाले, "काय काय करतो हा हात?"

"सगळं. उजवा नुसता नमस्कार करतो."

ते हसले, पण अंगठा दाबून पाहिल्यावर गंभीर झाले. फॉर्मवर स्वतः लिहिलं: कामाचा हात डावा, तातडीचे. चार दिवसांत मंजुरी आली. ऑपरेशन नुसता हात बधिर करून झालं, मी आपली गप्पा मारत होते.

बायांनो, त्या टेबलापाशी लाजू नका. हात काय काय करतो ते सगळं सांगा. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे, सर्जनचे उपकार आहेतच. मनीषाच्या हसण्याचे जास्त.

बोटांची टोकं अजून जरा बधिर आहेत. पण परवा नातवाच्या बारशाला मी डाव्या हातात पळी घेऊन पंगतीत उतरले. जाऊबाईंनी ताट मागे ओढलं.

म्हटलं, "जाऊबाई, ताट सरकवा खुशाल. हात आता सरकायचा न्हाई."