व्हिनीब्रे विकायचं आहे

बेथिया लम्सडेननं घर विकायला काढलं तेव्हा स्कॉटलंडातल्या हंटली गावापासून वरच्या खोऱ्यापर्यंत सगळ्यांना तिच्या डोक्याची काळजी वाटायला लागली. नवरा गेल्यावर बाईनं घराला आणखी घट्ट धरून बसायचं, असा तिकडचा अलिखित कायदा. त्यातून व्हिनीब्रेसारखं घर! जाड ग्रॅनाइटच्या भिंती, सात झोपायच्या खोल्या, मागे गोठा, समोर बीचच्या झाडांची रांग. असं घर विकतं का कोणी?

मुलगा ग्रेगर ॲबरडीनहून फोनवर म्हणाला, "आई, ते आपलं घर आहे गं."

"हो ना? मग ये राहायला."

"तसं नाही..."

"मग कसं?"

ग्रेगर नव्या वर्षाला बायकामुलांना घेऊन यायचा, दोन दिवस सगळं घर डोक्यावर घ्यायचा आणि चादरींचा ढीग आईच्या अंगावर टाकून परत जायचा. तेवढ्यासाठी उरलेलं वर्षभर सात खोल्या झाडायच्या, हे बेथियाला मान्य नव्हतं. तिनं तसं त्याला स्पष्ट सांगितलं आणि फोन ठेवला.

ग्रेगरचं काही विशेष नव्हतं. खरा अडसर होता रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या बैठ्या घरात. तिथे तिची नणंद राहायची, नेट्टा.

नेट्टाचा जन्म व्हिनीब्रेतला. लग्न करून ती गेली ती हाकेच्या अंतरावर, पोस्टमनच्या घरी. पोस्टमन गेला, मूलबाळ नव्हतं, आणि माहेर कायम डोळ्यासमोर. मागच्या दारानं न ठोठावता आत यायचा हक्क तिनं एक दिवससुद्धा सोडला नाही. बेथिया नवी नवरी म्हणून आली तेव्हा या नणंदेनं तिचं नाव विचारलं, ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी तिला 'कोळीण' म्हणायला सुरुवात केली. बेथिया होतीच समुद्रकाठच्या पोर्टनॉकीच्या कोळ्यांची, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. पन्नास वर्षं झाली, नेट्टाचा भाऊ, म्हणजे बेथियाचा नवरा डॉड, जाऊनही तीन वर्षं झाली, हाक तीच.

आता त्याच पोर्टनॉकीत, बंदराच्या वरच्या अंगाला, दोन खोल्यांचं एक घर बेथियानं हेरून ठेवलं होतं. खिडकी उघडली की समोर पाणी. घराची मालकीण लांबच्या नात्यातली, म्हणून ती थांबायला तयार झाली होती, पण हिवाळा लागेपर्यंतच. व्हिनीब्रे विकल्याशिवाय ते घर घेता येणार नव्हतं. आणि एकदा बर्फ पडलं की व्हिनीब्रेचा रस्ता बंद. मग घर बघायला तर सोडाच, पाव आणायला जायची पंचाईत.

उन्हाळाभर माणसं येत होती. स्कॉटलंडात घर दाखवायचं काम बहुतेक घरचीच माणसं करतात. बेथिया नीटनेटकी होऊन पुढच्या दारात उभी राहायची, आणि पाहुणे दिवाणखान्यात पोचेपर्यंत नेट्टा मागच्या दारानं स्वयंपाकघरात दाखल झालेली असायची. हातात शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा, चेहऱ्यावर माया.

"जाहिरातीत 'ऐसपैस' लिहिलंय ना? खरंच आहे ऐसपैस," ती पाहुण्यांना खायला घालत म्हणायची. "इतकं ऐसपैस, की जानेवारीत न्हाणीघरापर्यंत गरम पाणी पोचेस्तोवर त्याचं सरबत होतं. घ्या ना, अजून एक घ्या."

ती खोटं एक अक्षर बोलायची नाही. हेच तर दुखणं होतं. ओढ्याला पूर येतो, खरं होतं. पिण्याचं पाणी डोंगरातल्या झऱ्याचं आणि कोरड्या उन्हाळ्यात तो करंगळीएवढा होतो, हेही खरं. उत्तरेकडच्या खोलीत धूर कोंडतो, खरं. पाहुणे चहा संपवायचे, आभार मानायचे आणि आठवड्याभरात वकिलाचा निरोप यायचा, की त्यांनी विचार बदलला. मग वकिलानं सुचवलं, आता ठरावीक किमतीला काढा. जो पहिल्यांदा तेवढे कबूल करेल त्याला घर. बेथिया हो म्हणाली. त्यानंतरही दोन महिने कोणी फिरकलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी एक कुटुंब येणार होतं. यंदाचं शेवटचंच, हे बेथियालाही माहीत होतं. सकाळी बार्लीचं सूप शेगडीवर चढवताना तिनं मनाशी पक्कं केलं: आज नेट्टाच्या आधी आपणच बोलायचं. सगळं बोलायचं. काही म्हणता काही शिल्लक ठेवायचं नाही.

गाडीतून उतरली ती मॉर्वेन नावाची चाळिशीची बाई, तिचा सुतार नवरा ॲली, आणि तीन मुलं. मुलं उतरली ती थेट गोठ्याकडे पळाली. बेथिया "या" म्हणत त्यांना स्वयंपाकघरात शेगडीपाशी आणते न आणते तोच मागच्या दारातून नेट्टाचा आवाज आला. आज तिचा चेहरा जरा जास्तच प्रेमळ होता.

"अगं कोळणी, ओळख झाली का? मी रस्त्यातच गाडी थांबवून विचारलं. या बाई कोण आहेत माहितेय? पाद्री आहेत! आपल्या तिन्ही चर्चच्या नव्या पाद्री."

पोर्टनॉकीत 'पाद्री' हा शब्द बंदरावर उच्चारत नसत. 'काळा कोट' म्हणत. बोटीकडे निघालेल्या तिच्या वडिलांना वाटेत काळा कोट दिसला, तर ते तोंड फिरवून घरी येत आणि त्या दिवशी जाळं पाण्याला लागत नसे. आणि असा शब्द कोणी बोललाच, तर ताबडतोब थंड लोखंडाला हात लावायचा. बेथियाचा हात विचार करायच्या आधीच मागे गेला आणि त्यानं लोखंड पकडलं.

ते लोखंड शेगडीच्या कठड्याचं होतं, आणि शेगडी सकाळपासून पेटलेली.

"आई गं!"

"भाजलं?" नेट्टाला हसू आवरेना. "थंड लोखंड म्हणे! थंड!"

बेथियानं बोटं नळाखाली धरली. लाज आणि राग दोन्ही एकदम आले होते. नव्या घराकडे निघायचं आणि पहिलं पाऊल टाकताना समोर काळा कोट! तिच्या आईनं घराचा सौदा तिथेच मोडला असता.

मॉर्वेन मात्र हसत होती. "माझे आजोबा बकी बंदराचे कोळी," ती म्हणाली. "मी पाद्री झाले तेव्हा आजीला केवढा आनंद झाला, आणि त्याच दिवशी तिनं मला आजोबांच्या बोटीजवळ फिरकायला बंदी केली. तुम्हाला नको असेल तर आम्ही जातो, मिसेस लम्सडेन. खरंच वाईट वाटून घेणार नाही."

नेट्टा डबा बंद करायच्या तयारीला लागली.

बेथियानं हात पुसला. "मला घर विकायचंय," ती म्हणाली, "कोट बघायचा नाहीये. चला वर."

आणि जिना चढता चढता ती सुरू झाली. "ही तिसरी पायरी करकरते, कितीही खिळे ठोका. ही उत्तरेची खोली, इथे धूर कोंडतो. पाहुण्यांना देऊ नका, पाहुणे परत येणार नाहीत. न्हाणीघरात गरम पाणी येत नाही, येतं ते कोमट. पाणी झऱ्याचं. उन्हाळ्यात आटतं. ओढा फुगला की गाडी पलीकडेच ठेवायची. इंटरनेट ढग बघून चालतं."

मागून येणारी नेट्टा पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्या भात्यातलं सगळं संपलेलं होतं. ती तोंड उघडायची आणि बेथिया तिचंच वाक्य आधी बोलून मोकळी व्हायची. ॲली आणि मॉर्वेन एकमेकांकडे बघायला लागले. विकणारी बाई असं का बोलतेय, त्यांना समजेना.

"आणि ही मोठी खोली," बेथिया म्हणाली. "सासूबाईंची. दिसायला छान. पण भिंती थंडगार, खिडक्यांतून वारा येतो. खरं सांगू, अख्ख्या घरात ऊब अशी नाहीच."

"काय म्हणालीस?" नेट्टा म्हणाली.

"ऊब नाही म्हणाले. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

"मी सांगते ते वेगळं!" नेट्टाचा चेहरा लालबुंद झाला. "मी या घरातली आहे! ऊब नाही? या खोलीत आम्ही सहा भावंडं जन्मलो, त्यातली चार जानेवारीत, आणि सहाही जगलो! त्या काळात! ऊब नसताना?"

"जगलात, पण धुरात," बेथिया शांतपणे म्हणाली.

"धूर होतो कारण तुला पेटवता येत नाही! पन्नास वर्षं सांगतेय!" नेट्टानं मॉर्वेनचा दंड धरला आणि तिला सरळ उत्तरेच्या खोलीत नेलं. "इकडे या बाई. हे बघा, धुराड्याच्या आत हात घाला, वर. लागली पट्टी? ती आधी पूर्ण उघडायची, आग धरली की अर्धी लोटायची. धुराचं नाव नको. माझे वडील डोळे मिटून करायचे. आणि झरा म्हणे आटतो! बारीक होतो, आटत नाही. आटलेला मी तरी बघितला नाही, आणि माझ्याएवढी म्हातारी या खोऱ्यात दुसरी नाही. ओढ्याचं पाणी दुसऱ्या दिवशी ओसरतं. तेवढा एक दिवस घरात बसावं माणसानं, बिघडलं काय?"

मग तिला थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. कोठीची खोली उन्हाळ्यात लोण्याला कशी गार, कोणत्या खिडकीतून हरणं दिसतात, मुलांनी घसरायला जिन्याच्या कठड्याची कुठली बाजू चांगली, तिनं सगळं दाखवलं. गोठ्याचं छप्पर तिच्या आजोबांनी कसल्या लाकडावर उभं केलंय, हे ऐकून ॲली सुतार वीसेक मिनिटं वर मान करून उभा राहिला. बेथिया दाराशी उभी होती, भाजलेली बोटं दुसऱ्या हातात धरून. माहेराला नावं ठेवायचा हक्क नेट्टाला होता. दुसऱ्या कोणी ठेवलेली ती ऐकून घेणार नाही, एवढं ओळखायला पन्नास वर्षं पुष्कळ झाली.

जाताना मॉर्वेननं आधी नेट्टाचा हात हातात घेतला. मुलांना गाडीत कोंबायला बराच वेळ लागला. मग गाडी फाटकापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. बेथियानं सूप वाढलं. नेट्टानं चमचा हातात घेतला आणि तसाच ठेवला.

"तू मुद्दाम केलंस."

"सुरुवात मी केली. बाकीचं तू केलंस."

"पन्नास वर्षांत या घराबद्दल वाईट शब्द काढला नाहीस. इतकं मनात होतं?"

"वाईट नाही गं मनात. डॉड होता तोवर मला कुठे जायचं नव्हतं." बेथिया समोर बसली. "पण रात्री वारा सुटला की त्या झाडांचा आवाज होतो ना, तसाच आवाज समुद्राचा असतो. मला अर्धवट झोपेत वाटायचं, घरी आहे. मग जाग यायची. एकदा नाही, इतकी वर्षं. आता मला जागी असताना तो ऐकायचाय, नेट्टा. हातपाय चालताहेत तोवर."

"हे मला कधी बोलली नाहीस."

"तू काय म्हणाली असतीस?"

नेट्टानं खरंच विचार केला. "हसले असते," ती म्हणाली. मग तिनं सुपाचा वाडगा बाजूला सारला, आणि बोलली तेव्हा तिचा आवाज बेथियाला ओळखू येईना. "तू गेलीस की या रस्त्यावर मला ओळखणारं कोणी राहत नाही. डॉड गेला, माझा माणूस गेला. जाऊ नकोस. मी मागतेय."

नेट्टानं कधी कुणाकडे मीठसुद्धा मागितलं नव्हतं. या क्षणी थांबते म्हणणं किती सोपं होतं! सात खोल्या, ही बाई, मागचं दार, सगळं जसंच्या तसं राहिलं असतं.

फोन वाजला. वकील होता. पाद्रीबाई फाटकातूनच फोनवर बोलतेय, तो म्हणाला, ठरलेली किंमत कबूल आहे, लेखी सोमवारी येईल. "पण एकदा मी हो कळवलं की आपल्याला मागे फिरता येणार नाही, मिसेस लम्सडेन. मी काय, खोऱ्यातला कुठलाच वकील दिलेला शब्द फिरवत नाही. सांगू हो?"

बेथियानं टेबलावरून हात पुढे केला आणि नेट्टाचा हात धरला. "सांगा हो," ती फोनवर म्हणाली.

नेट्टानं हात ओढून घेतला नाही. फाटकाशी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मुलांचा आरडाओरडा ऐकू आला आणि हळूहळू दूर गेला.

"माझ्यासमोर हो म्हणालीस," नेट्टा म्हणाली. "तोंडावर."

"तू रविवारी चर्चला जातेस," बेथिया म्हणाली. "दर रविवारी दोन तास घर दाखवायला मोकळं असतं. तुझ्यामागे विकायचं असतं तर उन्हाळ्यातच विकलं असतं."