डिस्टिंक्शन नाही, एटीकेटी पण नाही

परदेशात, डेव्हन नावाच्या देशी दुकानांच्या रस्त्यामागच्या गल्लीत, घरमालक काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये मी भाड्यानं राहायचे, मास्टर्स करत होते, आणि बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्या जानेवारीत बेसबॉलच्याच एका निकालाची धास्ती मीच घेतलेली.

म्हणजे काकांचा एक लाडका पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बॉलर, होता, कधीच रिटायर झालेला. त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जायला पत्रकारांची पंचाहत्तर टक्के मतं हवी होती.

"म्हणजे डिस्टिंक्शनच की," मी म्हणाले. "नाही मिळालं तर पुढच्या वर्षी परत बसेल. एटीकेटी."

काका हसले नाहीत. "पंधराच वर्षं बसता येतं. हे पंधरावं. मग आधीच आत गेलेल्या जुन्या खेळाडूंची कमिटी बघते. पण ते पुढचं पुढे."

खरी गोष्ट काकूंनी पोळ्या लाटताना सांगितली. मुलगा दूर बेलव्ह्यू शहरात, बापलेकांचं फिसकटलेलं. वर्षभर बोलणं नाही. फक्त या निकालाच्या दिवशी तो फोन करतो, पिचरबद्दल बोलतो आणि ठेवून देतो.

"पास झाला काय, नापास झाला काय, विषय संपला," काकू म्हणाल्या. "मग पुढच्या जानेवारीत तो फोन कशाला करेल गं?"

त्यांनी देव पाण्यात ठेवले होते, पण मागायचं काय तेच त्यांना ठरवता येत नव्हतं.

दुपारी मी कॉम्प्युटरवर रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश करत होते. पेज उघडलं. मी दोनदा वाचलं.

"हुकलं, काका."

ते चष्मा पुसत बसले. काकू पुसलेलाच ओटा परत पुसायला लागल्या. फोन वाजेना. मला वाटलं, आता हा वाजतच नाही, कधीच.

वाजला. काकांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"बाबा. आय सॉ."

"हं."

आता ठेवणार हा, आता ठेवणार.

"देअर्स अनदर कमिटी, यू नो. द ओल्ड प्लेयर्स व्होट."

काकांना माहितीये की, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट असं करकचून धरलं की बस.

"असं होय?" काका म्हणाले. "मला नव्हतं माहीत. सांग बरं नीट."