कौलाची पाकळी आणि मणक्यातला पू

त्या वेळी मी तरुण होते, म्हणजे चौसष्ट वर्षांची, आणि अक्कल सोळाची. तीन महिने पाठ ठणकत होती, संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजन उतरत होतं. शुक्रवारचे उपास फळाला आले म्हणून मी खुशीत. मग उजवा पाय जड झाला. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यात क्षयाचा पू झालाय, मज्जारज्जूवर दाब आलाय, ऑपरेशनला उशीर केला तर पाय जातील. मी त्यांनाच शिकवलं, "खोकला न्हाय, मग क्षय कसला?"

एवढ्यावर थांबले तर मी कसली. निपाणीजवळच्या आमच्या गावी देवीला कौल लावल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही, असा हट्ट धरला. सून म्हणाली, "आत्ती, पाय ओढताय की वो. देवी बेळगावात येत न्हाय व्हय?"

गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तास झाला, एकही पडेना. आता खरं सांगते, मी डावीकडेच आशेनं बघत होते. श्रद्धा कसली, भीती होती ती. देवीच्या पदराआड लपवली होती, एवढंच.

पाणी प्यायला उठायला गेले, तर पाय उचलेचना. मागं बसलेल्या चिकोडीच्या एका बाईनं सावरलं, विचारपूस केली. मग पाठीवरचा पदर सरकवून पोलक्याच्या वर दिसणारा लांब व्रण दाखवला.

"आक्का, मला बी असंच झालतं. पू काढला, सळ्या घातल्या, वर्षभर गोळ्या खाल्ल्या. आता शेतात तण काढायला, भांगलायला जाते. तू पाकळी बघत बसलीस म्हणून पाय जायचे थांबत न्हाईत."

मी तसंच सुनेकडून उठवून घेतलं आणि गाडीत जाऊन बसले.

ऑपरेशन पालथं झोपवून करतात, हे कळल्यावर मला हसू आलं. जन्मभर देवीपुढं डोकं टेकलं ते काहीतरी मागायला, नाहीतर विचारायला. पाठ उघडी टाकून, तोंड खाली करून स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवायची ही पहिलीच खेप.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आजी, अंगठा हलवा बघू." हलला. त्या क्षणी हात जोडले गेले, ते देवीला, डॉक्टरांना की त्या बाईला, मला सांगता येणार नाही. बाईचं तर नावही विचारायचं राहिलं. म्हणून दिवा लावताना अजून तिघांना मिळून एकच नमस्कार घालते. ज्याचा त्यानं वाटून घ्यावा.