कळंबच्या गोदामातल्या पाकोळ्या

ताईचं पत्र शुक्रवारी दुपारी हाती पडलं आणि शनिवारी सकाळी मी बार्शीच्या स्टेशनवर छोट्या गाडीची वाट बघत उभी होते. पत्रात खुशाली दोन ओळींत उरकून तिनं लिहिलं होतं, 'इथल्या सहकारी संस्थेच्या गोदामाला सोमवारी चुना लागणार. ओसरीच्या छताला पाकोळ्यांची घरटी आहेत, पिल्लांसकट. तू शाळेत जीवशास्त्र शिकवतेस, तर येऊन चेअरमनना समजावून सांग.'

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. माणसं टँकरच्या रांगेत उभी होती आणि मी पाखरांसाठी निघाले होते. कुणी विचारलंच तर काय सांगायचं, याचीच धास्ती वाटत होती.

त्या छोट्या रुळांच्या जागी आता मोठ्या रुळांची गाडी धावते. तुम्ही गेलात तर येडशीला जरूर उतरा. रामलिंगाचा डोंगर मात्र पावसाळ्यात बघा. मी उतरले तेव्हा तो पार करपला होता. स्टेशनबाहेरचा चहावाला म्हणाला, "चहा देतो बाई, पाणी तेवढं मागू नका." कळंबची एसटी दोन तास उशिरा आली. रस्त्याच्या कडेनं खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा संपेचनात. मी घड्याळ बघत होते. सोमवार अजून लांब होता, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

कळंबच्या स्टँडवर ताई उभी होती. तिनं माझी पिशवी घेतली नि चालायलाच लागली.

"मिलोचा ट्रक उद्याच येतोय. रंगारी सकाळपासून लागलाय."

मिलो म्हणजे त्या वर्षी रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी. ती ठेवायला गोदाम कमी पडत होतं, म्हणून पोती ओसरीतही रचायची होती.

आम्ही पोचलो तेव्हा एका कोपऱ्यातली पाच घरटी खाली आली होती. पिसं, काड्या आणि त्यांत दोन मेलेली पिल्लं. पाकोळ्या चिरकत ओसरीसमोर घिरट्या घालत होत्या. रंगारी शिडीवर होता, पण त्याचं काम थांबलं होतं, कारण शिडीच्या पायाला पाठ लावून एक बाई बसली होती. ती शेवंताबाई. गोदाम झाडायचं, धान्य निवडायचं काम करणारी. तिच्या ओच्यात एक पिल्लू होतं.

"म्या उठले की शिडी पुढं सरकंल," ती म्हणाली. "म्हणून बसलेय."

तेवढ्यात चेअरमन आले. साठीचे, उन्हानं रापलेले. मी लगेच सुरू केलं: पाकोळ्या डास खातात, जमिनीवर पडल्या तर त्यांना सहज उडता येत नाही, पिल्लं उडायला अजून तीनेक आठवडे लागतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, पाखरं चांगली हायत, मला बी कळतंय. पण पोत्यावर त्यांची घाण पडली तर ते पोतं म्या कुणाच्या घरी देऊ, ते सांगा."

माझं जीवशास्त्र तिथंच संपलं.

"खाली तरट बांधू," शेवंताबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "फाटकी पोती लई पडल्यात. उसवून जोडली की झालं. घाण वरच्या वर ऱ्हाईल."

"आन् फाटलं तर?"

"तर घरटी म्या सोता पाडीन."

"ट्रक येईस्तोवर करा," चेअरमन म्हणाले नि निघून गेले.

तिच्या ओच्यातलं पिल्लू रंगाऱ्यानंच वर नेऊन शेजारच्या घरट्यात ठेवलं. मग शिवण सुरू झाली. तीन हमाल, शेवंताबाईच्या गल्लीतल्या दोघी, ताई आणि मी. दाभण नि सुतळी. अंधार पडेपर्यंत आणि रविवारी उजाडल्यापासून पुन्हा. माझी बोटं सोलवटली. तरट फार वर बांधू नका, पाखरांना पुढून शिरायला वाट हवी, एवढंच मी शिकलेलं तिथं कामाला आलं.

दहाच्या सुमाराला तरट ताणून झालं आणि खरी काळजी पुढं उभी राहिली. पाकोळ्या आत येईनात. ओसरीपर्यंत यायच्या नि झपकन वळायच्या. वर पिल्लांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"भ्याली का काय?" शेवंताबाई म्हणाली. आम्हीच पिल्लांना उपाशी मारतोय, असं मला वाटत होतं.

ट्रक आला. पोती उतरताना वावटळीनं तरटाचं एक टोक सुटलं. एका हमालानं ते हातानंच धरून ठेवलं. चेअरमन प्रत्येक थप्पीवरून हात फिरवत होते. कुठंच डाग नव्हता. ट्रक गेला, माणसं पांगली, ओसरी शांत झाली. मग एक पाकोळी खालून आली आणि सरळ आत गेली. तिच्यामागं दुसरी. शेवंताबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि झाडणी उचलली.

दुपारच्या एसटीनं मी परतले. घरी मिस्टरांनी विचारलं, "काय करून आलीस?" मी बोटं दाखवली.

महिन्याभरानं ताईचं कार्ड आलं. बरीच पिल्लं उडाली होती. शेवंताबाईच्या ओच्यातलं ते पिल्लू त्यांत होतं का, ते कुणालाच ओळखता आलं नाही. चेअरमनचा प्रश्न मला आजही बरोबर वाटतो. त्या दोन मेलेल्या पिल्लांचं ओझंही उतरलेलं नाही; शुक्रवारी संध्याकाळीच निघायला हवं होतं.

पुढच्या वर्षीच्या पत्रात ताईनं लिहिलं, चुन्याची पोती येऊन पडली होती, पण चेअरमननी रंगाऱ्याला परत पाठवलं. म्हणाले, "आधी शेवंताबाईला इचारून ये, कधी यायचं ते."