धुतलेलं हरीण

मोहनराव चौबळांच्या हातून अकरा वर्षांत एकही हरीण वाया गेलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांनी लीड्समधल्या यच्चयावत मराठी माणसाला निदान दोनदा तरी ऐकवली होती. मंडळाच्या गणपतीत प्रसादाची वाटी हातात असताना ते हरणाचं काळीज कसं तपासायचं हे सांगत. शाकाहारी मंडळी हळूच खुर्च्या सरकवत. "अहो, पुरे," असं मंजिरीताई दुरून डोळ्यांनी दटावत, पण मोहनराव कसले ऐकतात! "जीव घेतला ना आपण? मग एक बोटभरसुद्धा टाकायचं नाही," हे वाक्य झाल्याखेरीज त्यांचं बोलणं संपत नसे.

आता कोणी म्हणेल, ठाण्याच्या चौबळांच्या मुलाला यॉर्कशरच्या रानात रायफल घेऊन फिरायचं खूळ लागलं कुठून? तर ते लागलं रॉयमुळे. रॉय म्हणजे शहराबाहेरच्या एका मोठ्या रानाची राखण करणारा म्हातारा. अकरा वर्षांपूर्वी त्याचं आतडं फुटलं आणि त्याला मोहनरावांच्या टेबलावर आणलं, तेव्हा त्याच्या बायकोनं पाद्र्याला फोनसुद्धा करून ठेवला होता. मोहनरावांना पुण्यात ज्यांनी सर्जरी शिकवली त्या सरांचं एकच म्हणणं होतं, पोटात घाण पसरली की धुवा. पुरेसं झालं असं वाटलं की आणखी एकदा धुवा. मोहनरावांनी रॉयचं पोट बारा लिटर सलाईननं धुतलं. सहा आठवड्यांनी रॉय ओपीडीत आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली हरणाची तंगडी काखेत मारूनच. "डॉक, हे तुझ्यासाठी. आणि रानात ये एकदा, बघ कशी मिळते ती."

ते गेले आणि रमले. इथं लांडगे कधीच संपले, हरणं मात्र बेसुमार वाढली, रोपांचे शेंडे खाऊन रानं उजाड करायला लागली. म्हणून दर हिवाळ्यात ठरावीक माद्या माराव्या लागतात. मारायचे महिने कायद्यानं बांधलेले, दिवसाचे तास बांधलेले, रायफलचं लायसन्स पोलिसांकडून. आणि जनावर पडलं की तिथल्या तिथं त्याचं पोट उघडून आतडी, वजडी, सगळं बाहेर काढायचं, म्हणजे मांस लवकर थंड होतं. त्याला इथं ग्रॅलक म्हणतात. मग आतले अवयव आणि गाठी तपासायच्या, आणि प्रशिक्षण घेतलेल्या माणसानं टॅगवर सही करायची, की जनावर निरोगी होतं आणि मांसाला घाण लागलेली नाही. त्या सहीवर विश्वास ठेवून ते मांस विकलं जातं आणि लोकांच्या ताटात पडतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मोहनरावांनी तो कोर्स केला. पोट उघडण्यात शिकवणाऱ्यापेक्षा त्यांचाच हात सफाईचा. फक्त एका गोष्टीला ते अडखळले. घाण लागली तर तेवढा भाग कापून टाकायचा, पाणी अजिबात लावायचं नाही, असं तिथं पहिल्याच दिवशी सांगितलं. पाण्यानं घाण जात नाही, सगळीकडे पसरते. हे ऐकून मंजिरीताईंनी कपाळाला हात लावला होता. "न धुतलेलं मटण? आमच्या आईनं तर घरात पाऊल ठेवू दिलं नसतं त्याला." चौबळांच्या घरात मटण तीन पाण्यांतून निघाल्याशिवाय हळदीला भेटत नाही.

पाच वर्षांपूर्वी मोहनराव रिटायर झाले. पहिल्या महिन्यातच त्यांनी घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून टाकली. मग हे रान होतं म्हणून ते माणसात राहिले. हातांना काम होतं.

आणि यंदा जूनमध्ये उजवा अंगठा हलायला लागला. आधी नुसता बसल्या बसल्या हलायचा. मग चहाचा कप बशीवर वाजायला लागला. डॉक्टरच ते, हा कंपवात आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज होती थोडीच? दिवाळीला कॉव्हेंट्रीहून मुलगी, इथंच जन्मलेली आणि मराठी अडखळत बोलणारी ईशिता, आली होती. फराळाचं ताट घेताना तिनं पाहिलं. "बाबा, तुमची हात का हलते?"

"थंडी आहे," मोहनराव म्हणाले, आणि हात खिशात घातला.

मंजिरीताई मात्र फसल्या नाहीत. "अहो, दाखवा ना कोणाला तरी. तुम्हीच पेशंटला ओरडायचात, आधी का नाही आलात म्हणून."

"आणि दाखवलं की? जीपी कागदावर रोगाचं निदान लिहिणार, मला ते पोलिसांना कळवावं लागणार, आणि रायफल जाणार. मग मी करू काय? तुझ्या डाळीतले खडे वेचू?"

"वेचा की! नाहीतरी कुठं काय लावताय हातभार?" त्या म्हणाल्या, आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मोहनराव हात खिशातच ठेवत राहिले. हात गेला की आपण संपलो, एवढंच त्यांच्या मनानं धरलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी, एका मंगळवारी, रॉयला डोळे तपासायला शहरात जायचं होतं. "काही लागलं तर फोन कर. मी माग काढणारी कुत्री घेऊन येतो," एवढं सांगून तो गेला. निघताना मंजिरीताईंनीही बजावलं होतं, मोसमातली पहिली तंगडी आज आणा, वाटण करून ठेवते, रॉयला रात्री जेवायला बोलावलंय.

आठच्या सुमाराला पहिली मादी रानाच्या कडेला आली. ऐंशी पावलांवर, आडवी उभी. असला नेम मोहनरावांनी शंभरदा घेतला होता. त्यांनी रायफल जमिनीत रोवलेल्या काठ्यांवर टेकवली, श्वास सोडला, आणि नेमका त्या क्षणी अंगठा हलला.

मादीनं पाठीची कमान केली आणि ती लंगडत झाडीत गेली. अरे देवा! पोटात लागली होती.

अशा वेळी काय करायचं ते त्यांना पाठ होतं. अर्धा तास जागचं हलायचं नाही, जखमी जनावर जवळच बसतं. फोन करायचा, कुत्रीला बोलवायचं. फोन खिशातच होता, त्यांनी तो बाहेरसुद्धा काढला. पण रॉय येणार, आणि पहिला प्रश्न विचारणार, ऐंशी पावलांवरून तुझा नेम चुकला कसा? फोन परत खिशात गेला. अर्धा तासही त्यांना थांबवेना. दहाव्या मिनिटाला ते झाडीत शिरले, आणि जी बिचारी शेजारीच बसली असती ती त्यांच्या चाहुलीनं उठून पुन्हा पळाली.

पुढचे दोन तास एकोणसत्तर वर्षांचे मोहनराव काटेरी झुडपांतून वाकून, गुडघ्यांवर रांगत हिंडले. कुठं पानावर रक्ताचा ठिपका, कुठं हिरवट ओला डाग. "सापड गं बाई, सापड," असं ते मराठीतून पुटपुटत होते. ओढ्याकाठी ती सापडली. जिवंत होती. मान उचलून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी रायफल अगदी जवळ नेऊन, मनगट डाव्या हातानं गच्च धरून दुसरी गोळी झाडली. मग तिथंच चिखलात बसून त्यांनी तिची माफी मागितली.

आता एकच उरलं होतं. निदान मांस तरी वाचायला हवं. तेही गेलं तर ही दोन तास तडफडली कशासाठी?

त्यांनी पोट उघडलं. वजडी फुटलेली, आतली अर्धवट पचलेली हिरवी घाण सगळीकडे. वास असा, की त्यांनी तोंड फिरवलं. आणि इथं काय झालं म्हणाल, तर कोर्स, रॉय, अकरा वर्षं, सगळं मेलं डोक्यातून पुसलं गेलं. समोर फुटलेलं पोट होतं आणि शेजारी वाहता ओढा. त्यांनी थर्मास रिकामा केला आणि पाणी भरभरून ओतायला लागले. दहा थर्मास झाले. वीस झाले. बोटांनी कानाकोपरा चोळून काढला. पुरेसं वाटलं, तेव्हा आणखी एकदा धुतलं. शेवटी आतून सगळं गुलाबी, लखलखीत दिसायला लागलं, तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा त्यांना धड श्वास घेता आला.

रॉयच्या गोठ्यातल्या चिलरमध्ये, म्हणजे मांस ठेवायच्या थंड खोलीत, त्यांनी ते टांगलं. टॅग भरला, सही केली. घाण नाही. अहो, एवढं धुतल्यावर असेलच कशी?

दोन वाजता रॉय आला. चिलरचं दार उघडून तो उंबऱ्यातच थबकला. खाली फरशीवर हिरवट पाणी थेंब थेंब गळत होतं. त्यानं पोटात नाक घातलं, अंगठ्यानं पाठीचं मांस दाबलं, आणि मागं वळला.

"तू धुतलंस?"

मोहनरावांनी मानेनंच हो म्हटलं.

"नुसतं कापून काढलं असतंस तर मान, पुढचे पाय, पाठ, निम्म्याहून जास्त वाचलं असतं. आता यातलं काहीच कोणाला खायला घालता येणार नाही. तुला माहीत होतं हे, डॉक."

"माहीत होतं."

रॉयनं त्या मादीच्या धुतलेल्या पोटावर हात ठेवला. "माझं पोट असंच धुतलं होतंस ना?"

"हो."

"मी तर वाचलो."

"तू जिवंत होतास, रॉय."

रॉयनं टॅग उलटून सही पाहिली. "ही तुझी नाही. माझ्या डिस्चार्जच्या कागदावरची सही मी जपून ठेवलीय. ही मेलेल्या मुंगीसारखी बारीक आहे." मग त्यानं मोहनरावांच्या खिशाकडे पाहिलं. "हात काढ बाहेर."

मोहनरावांनी हात काढला. तो हलत होता.

"कधीपासून?"

"जून."

"जूनपासून तू भरलेली रायफल घेऊन माझ्या शेजारी बसतोस?" रॉयचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच मोहनरावांना ते सहन होईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. "रानातून काढेन, अशी भीती वाटली का तुला? अरे, वाटेल ते बोललो असतो, पण चहा प्यायला तरी बोलावलंच असतं."

त्यानं फावडं आणून दिलं. जमीन दगडगोट्यांनी भरलेली होती. मोहनरावांनी एकट्यानं खड्डा खणला, हातात फोड येईपर्यंत, आणि अख्खं हरीण, तंगड्या, पाठ, सगळं काही त्यात ठेवलं. रॉयनं मदत केली नाही. फक्त शेवटची माती लोटताना तो शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली.

घरी पोचले तेव्हा आलं-लसणाच्या वाटणाचा वास दारापर्यंत येत होता. मंजिरीताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आणलीत? आणा इकडे, धुऊन ठेवते."

त्या एका शब्दानं मोहनरावांचा बांध फुटला. बूट न काढता, चिखलाच्या कपड्यांनिशी ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. "पुरली गं. अख्खी पुरली. मी वाया घालवली तिला." मंजिरीताई शेजारी बसल्या आणि त्यांनी तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो तिथंही हलतच राहिला.

साडेचार वाजत आले होते. पोलिसांचं लायसन्सचं ऑफिस पाचला बंद होणार होतं. मोहनरावांनी फोन घेतला, पण अंगठा एका आकड्यावर ठरेना, दोनदा चुकीचा नंबर लागला. मंजिरीताईंनी फोन काढून घेतला, चष्मा लावला, नंबर फिरवला आणि त्यांच्या कानाला धरला.

पलीकडून एका तरुण बाईनं विचारलं, काय मदत करू?

"माझं नाव मोहन चौबळ," ते म्हणाले. "माझ्याकडे एक रायफल आहे, आणि माझा हात थरथरतो."