अस्तराखालची शिवण

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खोलीत एक बाई शिवणकाम करायची. टीप केसभर वाकडी गेली तरी सगळं उसवायची, म्हणून नवरा तिला लाडाने उसवणबाई म्हणे. देवाला अर्धंमुर्धं चालत नाही, हे तिचं ठाम मत. आणि आपलं काम देवाला चालण्याजोगं आहे, हेही.

तिचं एकच दुखणं होतं, धाकटी जाऊ. सासू गेली तेव्हा जमलेल्या माणसांसमोर ती म्हणाली होती, "ताईंनी आईंना शेवटी पाणीसुद्धा विचारलं नाही." आणि बाई तर वर्षभर सासूच्या उशाशी बसलेली! नऊ वर्षं बोलणं बंद.

मग एक दिवस तीच जाऊ कापड घेऊन दारात उभी. "कोट शिवायचाय. दुसऱ्या कुणाच्या हातचा अंगाला बसत नाही."

बाईने निमूट मापं घेतली. कोट बाहेरून झकास झाला. आतल्या कडा मात्र तिने न दुमडता तशाच सोडल्या आणि वरून अस्तर लावून टाकलं. दोन हिवाळ्यांत दोरे सुटले असते. तोवर कोण विचारतंय!

रविवारी चर्चमध्ये उपदेश करताना पाळक पूर्णपणाबद्दल बोलायला लागले, तशी बाई ऐटीत सरसावून बसली. हा तर आपलाच विषय! पण पाळक म्हणाले, देवाचं ऊन वैऱ्याच्या अंगणातही तेवढंच पडतं, तिथे तो हात आखडत नाही. पूर्ण व्हायचं ते असं. पुढचं गीत तिने नुसते ओठ हलवून म्हटलं.

सोमवारी सकाळीच तिने अस्तर उसवायला घेतलं.

"अगं, बाहेरून काय वाईट दिसतंय?" नवरा म्हणाला.

"काहीच नाही. तीच तर लबाडी आहे."

तेवढ्यात जाऊ हजर. पोट उघडलेला कोट बघून म्हणाली, "झाला नाही होय अजून?"

थाप जिभेवर तयार होती. बाईने ती परतवली. "झाला होता. आतून कच्चा ठेवला होता. तुझा म्हणून."

जाऊ स्टूल ओढून बसली आणि तिने कोटाची बाही ताणून धरली. "ते पाण्याचं बोलले ना मी, ताई... तुम्ही काय काय केलंत ते ठाऊक होतं मला."

बाईने सुईत दोरा ओवला. "राग गेला नाही हं माझा."

"राहू दे की. फक्त कोटात नका शिवू."

बाईला हसू फुटलं. तिने आतली पहिली कड दुमडली.