बाबांच्या टाळूवरचा पत्रा

वडिलांचे दात ट्रकच्या गॅरेजमध्ये कापून घेण्याचा निर्णय माझा होता.

डिचोलीतल्या आमच्या घरी शुभकार्याआधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायचे काम बाबांचे. ते एकेक मागणे मागतात, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. माझ्या मुलीचे लग्न ठरले तोवर बाबांचे दोन्ही बाजूंचे सुळे आणि बऱ्याच दाढा गेल्या होत्या. बोलताना शब्दांतून वारा सुटायचा. यंदाचे गाऱ्हाणे सर्वण गावातल्या त्यांच्या चुलतभावाकडे, म्हणजे आपाकडे जाणार, अशी चिन्हे होती.

“आपा?” बाबा भडकले. “तो घाईत अर्धे देव गाळता!”

म्हणून काढता-घालता येणारे दात केले. दोन्ही बाजूंना दात आणि त्यांना जोडणारा, टाळूवरून आडवा जाणारा धातूचा पत्रा. “जिभेला सवय होईपर्यंत रोज मोठ्याने वाचा,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाबांनी एकदा वाचले आणि दात काढून टेबलावर ठेवले.

“जीभ आपटता. दात गेले कुशींचे, मगे मधी हो पत्रो कित्याक?”

प्रश्न मला बिनतोड वाटला. (मी बातमीदार आहे; अनावश्यक मजकूर दिसला की कापतो.) खाणीच्या ट्रकांच्या गॅरेजमधल्या फिटरने तो ऐवज उलटसुलट करून पाहिला.

“ह्यां खंयच्या गाडयेचां?”

“माझ्या वडिलांचं.”

मी मधल्या पत्र्यावर बोट ठेवले. कटर फिरला, ठिणग्या उडाल्या, एकाचे दोन झाले!

बाबांनी दोन्ही तुकडे बसवले, खणखणीत ‘म्हाराजा’ म्हणून दाखवले आणि खुशीत कडक उंडो, म्हणजे आमचा गोव्याचा गोल पाव, चावला. उजवा तुकडा उंड्यात रुतून बाहेर आला. डावा चहात पडला.

“दात तुमका केले काय उंड्याक?” आईने विचारले.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. “हा पत्राच दोन्ही बाजूंना एकमेकींच्या आधाराने धरून ठेवतो. चावताना एकीकडे पडलेला भार दुसरीकडे वाटून देतो. तुकडा गिळला असता तर? कापला कोणी?”

बाबांनी दातांशिवाय, पण अत्यंत स्पष्ट उच्चारात माझे नाव सांगितले.

“जीभ अडते एवढंच सांगायचं होतं,” बाई मला म्हणाल्या. “मी पत्रा थोडा मागे घेतला असता.”

हे विचारायचे मला सुचले नव्हते. प्रश्न विचारणे हा माझा व्यवसाय आहे.

नवे दात लग्नाच्या तोंडावर मिळाले. पत्रा मागे सरकला होता, आणि बाबा आता रोज मोठ्याने वाचत होते. नारळ ठेवल्यावर त्यांनी सगळे देव आळवले, नातीचा संसार मागितला, पाहुण्यांची खुशाली मागितली. मग माझ्याकडे बोट दाखवले.

“आनी म्हाराजा, ह्या माज्या झिलाक हेच्या फुडे कसलीय दुरुस्ती सुचाक देव नको रे!”

“व्हय म्हाराजा!”

सर्वांत मोठा आवाज आपाचा होता. दुसरा आईचा. मागणे एकमताने मंजूर झाले. विरोध करण्याइतकी पत माझ्याकडे उरली नव्हती, म्हणून मीही ‘व्हय’ म्हणालो.